‘फुकट्या’ म्हणजे काय, हे जावयाला कळतं

प्रश्न : ताई, नमस्कार. एडिसनहून, न्यू जर्सीतून लिहितेय. आमचे हे १९९३ साली इथे एम.एस.ला आले ते सासऱ्यांनी बार्शीचं राहतं घर पतसंस्थेकडे गहाण टाकून. यांनी कॉलेजच्या मेसमध्ये भांडी घासली, एका खोलीत चौघं राहिले आणि नोकरी लागल्यावर पाच वर्षांत पै न् पै फेडली. त्या पावत्यांची फाइल अजून आमच्या बेसमेंटमध्ये आहे. दोन वर्षांपूर्वी मुलीचं लग्न झालं. जावई अमेरिकन, सरकारी हायस्कुलात इतिहास शिकवतो. मुलगा गुणी आहे. त्याच्यावर शिक्षणाचं साधारण ७० हजार डॉलर कर्ज आहे.

गणपतीत दोघं जेवायला आले होते. विषय कसा निघाला कोण जाणे. हे म्हणाले, बायडननी सगळ्यांची कर्जं माफ केली, ती आमच्या टॅक्समधून. जावई म्हणाला, कोविडमध्ये धंदेवाल्यांची माफ झाली तेव्हा कुणी बोललं नाही. यांनी खाली जाऊन ती फाइल आणली आणि मोदकांच्या ताटाशेजारी आपटली. जावई म्हणाला, ‘तुम्ही लोक इथे आलात, तुमचं भलं झालं, आता बाकीच्यांचं काही का होईना.’ त्यावर हे माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, ‘फुकट्या आहे.’ मुलीनं हा शब्द त्याला कधीतरी गमतीत शिकवलेला होता. तो उठला, हात धुतले, गणपतीला नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसला.

रात्री मी मुलीला मेसेज केला, ‘बाबांचं मनावर घेऊ नका.’ उत्तर आलं नाही. आता थँक्सगिव्हिंगला सगळे आमच्याकडे आहेत. माझ्याकडे एक हुकमी पत्ता आहे. यांच्या थोरल्या भावाचं, बार्शीच्या भाऊजींचं पीककर्ज २०१९ च्या योजनेत माफ झालं आणि तेव्हा यांनीच फोनवर ‘शेतकऱ्याला मिळालंच पाहिजे’ म्हटलं होतं. हे सगळ्यांसमोर काढू का? की जेवताना राजकारण बंद, असा नियमच करून टाकू?
— टेबलाच्या मधोमध बसलेली

उत्तर :

प्रिय मधोमध बसलेल्या ताई,

पत्ता टाकू नका. नियमही करू नका.

तुम्ही तो पत्ता टर्कीच्या ताटाशेजारी टाकलात तर पुढचं मला इथे बसून दिसतंय. जावई हसेल. मुलगी ‘बाबा!’ म्हणेल. यजमान लाल होऊन सांगतील की दादाचं कर्ज पावसानं थकवलं होतं, त्यानं काही महागडं कॉलेज निवडलं नव्हतं. आणि ते अगदीच चूक म्हणत नसतील. पाऊस निवडता येत नाही, कॉलेज थोडंफार तरी निवडता येतं. मग जावई विचारेल, अठराव्या वर्षी कुणाला काय निवडता येतं? भाजी गार, आणि तुमच्या दिरांचा सातबारा न्यू जर्सीत चव्हाट्यावर, त्या बिचाऱ्यांना खबरही नसताना.

शिवाय तो पत्ता तुम्ही एकाच बाजूनं पाहिलाय. उलटून बघू.

मी नोकरीची तीस वर्षं बँकेच्या खेड्यातल्या शाखांत काढली, बरीचशी कर्जाच्या टेबलावर. २००८ च्या अर्थसंकल्पात केंद्रानं ६० हजार कोटींची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली आणि पात्र खातेदारांच्या याद्या आम्ही शाखेबाहेर फळ्यावर लावल्या. एक गृहस्थ बराच वेळ फळ्यासमोर उभे राहून बोटानं एकेक नाव वाचत होते. त्यांचं नाव नव्हतं. असणारच नव्हतं, कारण दर वर्षी वेळेत नवं-जुनं करणारा, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचलणारा माणूस तो, एका वर्षी तर बायकोच्या पाटल्या मोडून. आत आले, माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘मॅडम, म्हंजी मी येडा ठरलो का?’

मला उत्तर पाठ होतं. कोणत्या तारखेपर्यंतचं कर्ज, कोणत्या तारखेची थकबाकी, किती एकरांपर्यंत. ते मी घडाघडा सांगितलंही. आजही आठवलं की ओशाळल्यासारखं होतं, कारण त्यांनी निकष विचारलेच नव्हते. चहा पिऊन ते गेले. पुढच्या वर्षी हप्ता उशिरा आला, आणि मी कारण विचारलं नाही.

तुमच्या यजमानांनी फाइल आपटली, तेव्हा त्यांनीही हेच विचारलं असं मला वाटतं. शब्द मात्र टॅक्सचे वापरले.

अमेरिकेत हाच प्रश्न २०२० च्या जानेवारीत कॅमेऱ्यासमोर विचारला गेला होता. सिनेटर एलिझाबेथ वॉरन तेव्हा अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी आयोवात फिरत होत्या आणि विद्यार्थ्यांची कर्जं मोठ्या प्रमाणावर रद्द करू म्हणत होत्या. ग्राइम्स नावाच्या गावी एक बाप त्यांच्यापुढे आला. मुलीच्या शिक्षणासाठी मी पैसे साठवले, माझ्या मित्रानं गाडी घेतली, सहली केल्या. मग मला माझे पैसे परत मिळणार का? वॉरनबाई म्हणाल्या, अर्थातच नाही. तो तणतणत गेला आणि ते चित्रण देशभर फिरलं. पुढे त्यांनी टीव्हीवर बाजू मांडली की काल नव्हतं म्हणून आज सुरू करायचंच नाही असं ठरवलं असतं, तर सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हातारपणीची सरकारी पेन्शनसुद्धा कधी सुरू झाली नसती. युक्तिवाद म्हणून मला तो पटतो. पण मी ज्या खुर्चीत बसून निकष सांगत होते, त्याच खुर्चीत बसून बाईंनी तो केला.

आता पत्त्याची दुसरी बाजू. आपल्या सरकारला हा ‘येडा ठरलो का’ फार काळ टाळता आला नाही. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतची थकबाकी माफ झाली, तेव्हा नियमित फेडणाऱ्यांसाठी २५ हजारांपर्यंतची प्रोत्साहनपर रक्कम ठेवावी लागली. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत थकीत कर्ज दोन लाखांपर्यंत गेलं, आणि नंतर नियमितवाल्यांना ५० हजारांपर्यंतचा लाभ द्यावा लागला. म्हणजे ज्या योजनेत तुमच्या दिरांचं कर्ज गेलं, त्याच योजनेनं वेळेवर फेडणाऱ्याच्या तक्रारीलाही पैशात उत्तर दिलं. उशिरानं दिलं आणि अर्धंमुर्धं दिलं, पण त्यांची तक्रार खोटी नाही, हे सरकारी कागदावर आलं.

हे यजमानांना एकटं गाठून सांगा. त्यांना खिंडीत पकडायला नको. ‘तुमच्यासारख्यांचं दुखणं आपल्याकडे सरकारनं ऐकलं, अमेरिकेत कुणी ऐकलं नाही,’ या सुरात सांगा. भाऊजींचं नाव त्यात ओघानं येईल. त्यातून काय बोध घ्यायचा तो ते घेतील. त्यांना कळणार नाही असं समजू नका, त्यांना तो विरोधाभास केव्हाच दिसलेला असेल. दिसलेला असतो म्हणूनच माणूस फाइल आपटतो.

त्या ‘माफी’ शब्दाचंही जरा बघू. शरद जोशींची शेतकरी संघटना वर्षानुवर्षं सांगत आली की कर्जमाफी नव्हे, कर्जमुक्ती म्हणा. माफी मागायला आम्ही गुन्हा केलाय का? सरकारी योजनांची नावं बघा, एकीत ‘सन्मान’ आहे, दुसरीत ‘कर्जमुक्ती’. अमेरिकेत कायद्यात आणि बातम्यांत शब्द आहे ‘फर्गिव्हनेस’, म्हणजे क्षमाच. तिथल्या चळवळीतली मंडळी म्हणूनच ‘कॅन्सल’ करा म्हणतात. शब्दातच गुन्हेगार बसवला की एकाला वाटतं आपल्याला चोर म्हणताहेत, आणि दुसऱ्याला वाटतं चोर सोडून संन्याशाला फाशी. तुमच्या टेबलावर दोघं याच शब्दावर अडखळले. माझ्या अनुभवात कर्ज बुडवणारा माणूस थकबाकीवर चढ्या आवाजात बोलतो; लाजेनं खचलेला बोलतच नाही. जावई हात धुऊन, नमस्कार करून गेला, हे तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात बोलकं वाक्य वाटलं.

आता दोघांच्या तपशिलाच्या चुका. भांडण निम्मं त्यांच्यावर उभं आहे, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

‘बायडननी सगळ्यांची माफ केली’ हे खरं नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं होतं की वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांचे १० हजार डॉलरपर्यंत, आणि गरीब घरातल्या म्हणून पेल ग्रँट मिळालेल्यांचे २० हजारांपर्यंत माफ होतील. अमेरिकी संसदेच्या, म्हणजे तिथल्या काँग्रेसच्या, अंदाजपत्रक कार्यालयानं खर्च काढला ४०० अब्ज डॉलर. सुप्रीम कोर्टानं ३० जून २०२३ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी ती योजना रद्द केली. त्या योजनेतून एक डॉलरही कुणाचा माफ झाला नाही. मात्र आधीच कायद्यात असलेल्या वेगवेगळ्या वाटांनी बायडन यांच्या चार वर्षांत ५० लाखांवर लोकांची मिळून १८० अब्ज डॉलरपेक्षा जास्त कर्जं सुटली. यजमानांच्या कानावर हे दोन्ही मिसळून आलंय.

जावयाचा कोविडवाला मुद्दाही मी बँकवाली म्हणून तसाच सोडणार नाही. धंदेवाल्यांना दिलेली ती पीपीपी नावाची कर्जं जवळपास ८०० अब्ज डॉलरची होती आणि बहुतेक माफ झाली, हे खरं. पण माणसं कामावर ठेवलीत तर फेडावं लागणार नाही, ही अट पहिल्या दिवसापासून कागदावर होती. त्यात लबाडी झाली, गरज नसलेल्यांनीही घेतली, ते वेगळं. २०२२ मध्ये खुद्द व्हाइट हाउसच्या ट्विटर खात्यानं विरोध करणाऱ्या खासदारांची नावं आणि त्यांची माफ झालेली रक्कम एकेक करून टाकली होती. टाळ्या भरपूर पडल्या. तुमच्या जावयानं बहुधा तेच वाचलं असेल. तो टोला आहे, उत्तर नव्हे. आपल्याकडे जुन्या शास्त्रार्थात अशा भांडणाला वितंडा म्हणत. स्वतःची बाजू मांडायचीच नाही, समोरच्याची फक्त पाडायची.

खरी बाजू त्याच्याकडे आहे, आणि ती त्यानं मांडलीच नाही. सरकारी शाळेत शिक्षक आहे म्हणजे तो बहुधा पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस या योजनेत असणार. ही २००७ सालची. कायद्यावर सही जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची, म्हणजे रिपब्लिकन अध्यक्षाची. हे यजमानांना जरूर सांगा. सरकारी किंवा सेवाभावी संस्थेत नोकरी करत १२० हप्ते, म्हणजे दहा वर्षं, नियमानं भरा; उरलेलं सुटेल. अशा योजनेला फुकट म्हणणं मला पटत नाही. बाहेर जास्त पगार मिळत असताना शाळेत टिकून राहणाऱ्याशी सरकारनं केलेला तो करार आहे. सुरुवातीच्या काळात या योजनेचे शंभरातले जवळपास नव्व्याण्णव अर्ज फेटाळले गेले, कुणाचा हप्त्याचा प्रकार चुकला, कुणाचं कर्ज चुकीच्या गटातलं निघालं. नियम दुरुस्त केल्यावर २०२४ पर्यंत दहा लाखांवर लोक सुटले.

आणि यजमानांना एक हिशेब घाला, त्यांना आकडे आवडत असणार. समजा ६० हजार डॉलर कर्ज, व्याज साडेसहा टक्के. वर्षाचं व्याज ३,९००, महिन्याचं ३२५. उत्पन्नावर आधारलेला हप्ता ठरला २३० डॉलर. शिक्षकानं एकही हप्ता चुकवला नाही, तरी महिन्याला ९५ डॉलर बाकी वाढतच जाते. आपल्याकडच्या पतसंस्थेत नियमित हप्ता भरणाऱ्याची बाकी वाढलेली मी तरी पाहिली नाही. हे समजलं नाही तर सासऱ्याला वाटणार की जावई भरतच नाही, आणि जावयाला वाटणार की सासऱ्याला सांगून उपयोग नाही. व्याजाची ही गळती थांबवणारी सेव्ह नावाची योजना २०२३ मध्ये आली. २०२४ च्या उन्हाळ्यात कोर्टानं अडवली. तिच्यात असलेल्यांचे हप्ते थांबले, पण ते थांबलेले महिने त्या १२० मध्ये धरले जात नाहीत. तुमचा जावई त्यातला असेल तर गणपतीत तो मुळातच चिडलेला आला असेल, आणि कारण तुमचे यजमान नव्हते.

दिवाळखोरीचीही गोष्ट आहे. अमेरिकेत क्रेडिट कार्डाचं देणं दिवाळखोरीत धुऊन निघतं, शिक्षणाचं जवळजवळ नाहीच. १९७६ पासून ही वाट अरुंद होत गेली आणि १९९८ मध्ये सरकारी कर्जांपुरती ती बहुतेक बुजवली. आज सुमारे सव्वाचार कोटी लोकांवर मिळून १.६ लाख कोटी डॉलर सरकारी शैक्षणिक कर्ज आहे.

उलट, यजमानांच्या बाजूचं एक जावयाला कदाचित ठाऊक नसेल. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला अमेरिकन सरकारचं शैक्षणिक कर्ज मिळत नाही. तेव्हाही मिळत नव्हतं. भारतात बँकांची शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आली २००१ मध्ये. म्हणजे १९९३ साली, डॉलर ३१ रुपयांच्या आसपास असताना, तुमच्या सासऱ्यांना राहतं घर सोडून दुसरं तारणच नव्हतं. हप्ता चुकला असता तर बार्शीत जप्तीची नोटीस आली असती, आणि ती एडिसनला नव्हे, म्हाताऱ्याच्या दारावर डकवली गेली असती. ‘तुम्ही लोक इथे आलात, तुमचं भलं झालं’ हे वाक्य त्या दारावर जाऊन आपटतं. जावई इतिहास शिकवतो. त्याला हे ऐकायला आवडेल. पण ऐकवलं कुणी? फाइल आपटून इतिहास सांगता येत नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर सरसकट माफी मला पटत नाही. इतकी वर्षं तो फळा पाहिल्यावर पटणं कठीण आहे. माफी झाली तरी फी वाढवणारं कॉलेज जसंच्या तसं राहतं, पुढच्या वर्षी नवी पोरं त्याच रांगेत. पण दिलेला शब्द सरकारनं पाळावा, हेही मला तितकंच वाटतं. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्यानं पदव्युत्तर शिक्षणाच्या कर्जावर आता मर्यादा आणल्यात, जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस नावाचं कर्ज बंद. त्यानं फी उतरेल की गरीब पोरांची वाट बंद होईल, यावर आमच्याच घरात दोन तट आहेत. तुमच्याकडे मतभेद आहेत याचं मला काही वाटलं नाही. मला खटकली ती भाषा.

इथे त्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाकडे पुन्हा येते. निकाल लिहिला सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी, विरोधी मत एलेना केगन यांनी. केगनबाईंनी पहिल्याच वाक्यात सुनावलं की आज कोर्टानं प्रत्येक बाबतीत आपली मर्यादा ओलांडली आहे. कडक आहे. रॉबर्ट्सनी निकालाच्या शेवटी लिहिलं की मनापासूनच्या या मतभेदाला आम्ही अवहेलना समजत नाही, आणि लोकांनीही तसा गैरसमज करून घेऊ नये. मला त्यात थोडी कुरकुरही ऐकू येते, ‘जरा जपून लिहीत जा बरं का’ अशी. पण दोघांचं लिखाण पाहिलं तर एक दिसतं: ‘मर्यादा ओलांडली’ असं म्हटलं की समोरच्याला उत्तर देता येतं. कुठली मर्यादा, कायद्याचं कुठलं कलम, ओलांडली कशी? रॉबर्ट्सनी तर बायडन यांच्याच पक्षाच्या नॅन्सी पेलोसींचं २०२१ चं वक्तव्य काढून दाखवलं, कर्ज माफ करायचा अधिकार अध्यक्षांना नाही म्हणणारं. झोंबणारं आहे, पण त्यावरही बोलता येतं.

‘फुकट्या’वर काय बोलणार? ‘मी फुकट्या नाही’ असं म्हणणारा माणूस म्हणता क्षणीच हरलेला असतो. ‘तुम्ही लोक’चंही तेच. तीस वर्षं टॅक्स भरलेल्या माणसाला त्याच्याच डायनिंग टेबलावर पुन्हा इमिग्रेशनच्या रांगेत उभं करणारा तो शब्द आहे, आणि त्याला उत्तर नाही. माझ्यापुरती मी सभ्यतेची कसोटी एवढीच ठेवलीय: आवाज चढला तरी चालेल, पण समोरच्याला उत्तर देता येईल असंच बोलायचं. टिळक-आगरकरांचा दाखला इथे देण्याचा मोह होतोय, पण तो सगळेच देतात.

म्हणून राजकारणबंदीचा नियम नको. बंदी केलीत तर ‘फुकट्या’ हा त्या घरातला शेवटचा शब्द राहील. जावई तेवढाच घेऊन दर वर्षी येईल, हसेल, बटाटे वाढून घेईल. दोन्ही शब्दांत मला ‘फुकट्या’ जास्त वाईट वाटतो, कारण तो तोंडावर म्हटलेलाच नाही. कळणार नाही अशा समजुतीनं, कुशीवर वळून म्हटल्यासारखा म्हटला. त्यामुळे पहिला फोन यजमानांनी करायचा. थँक्सगिव्हिंगच्या आधी, जावयाला, स्वतः. मतांची माफी मागायची गरज नाही. टॅक्सबद्दल त्यांना जे वाटतं ते वाटत राहू दे. शब्दाची मागावी. ‘तो शब्द मी वापरायला नको होता, आणि तुला कळणार नाही असं समजून वापरला हे त्याहून वाईट,’ एवढं पुरे. त्याला ‘पण’ जोडायचा नाही. ‘पण तूही...’ निघालं की फोन ठेवलेला बरा. ‘तुम्ही लोक’बद्दल जावई त्या फोनवर काही बोलला तर उत्तम, नाही बोलला तर मुलीशी बोला, तीही मधोमधच बसलीय.

आणि आता तुमच्याबद्दल, रागावू नका. ‘बाबांचं मनावर घेऊ नका’ हा मेसेज तुम्ही पहिल्यांदा पाठवलेला नाही. कुणाकुणाला, किती वेळा पाठवला असेल ते तुम्हीच आठवा. नणंदेला, शेजाऱ्यांना, मुलीच्या मैत्रिणींना. यजमान बोलून मोकळे होतात आणि निस्तरणं तुमच्याकडे येतं, अशी कामाची वाटणी तुमच्या घरात पडून गेलीय. मुलीनं उत्तर दिलं नाही, कारण त्या मेसेजचा अर्थ होतो, ‘मनावर घेतलंस तर चूक तुझी.’ यावेळी निस्तरू नका. ‘हा फोन तुम्ही करायचाय’ असं सांगा आणि खोलीतून बाहेर जा. मला माहीत आहे, हे लिहायला सोपं आहे. आमच्याकडे माझ्या नवऱ्याला असा एक फोन करायला अकरा दिवस लागले होते, आणि तेवढे दिवस मी भाजी चिरताना स्वतःशीच भांडत होते.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी आठ जणांच्या टेबलावर हा विषय निघाला तर ‘जेवण झाल्यावर तुम्ही दोघं बोला’ म्हणून तो सरळ पुढे ढकला. बघायला माणसं असली की दोघंही त्यांच्यासाठीच बोलतात. जेवण झाल्यावर बाकीच्यांना टीव्हीवरच्या मॅचकडे पिटाळा आणि या दोघांना खाली बेसमेंटमध्ये पाठवा. तिथे ती फाइल आहे. यजमानांना म्हणावं, ती आता उघडून दाखवा. पतसंस्थेचा शिक्का, सासऱ्यांची सही, कोणत्या महिन्यात किती डॉलरचे किती रुपये झाले ते. आकड्यांपेक्षा त्या सहीबद्दल बोलावं.

नंतर जावयाला विचारायला सांगा की तुझे १२० पैकी किती मोजले गेलेत. त्याला नेमका आकडा सांगता येणार नाही, पैज लावते. या योजनेत नोकरीचा दाखला दर वर्षी भरून पाठवावा लागतो असं नाही, पण पाठवावा. नाहीतर दहाव्या वर्षी कळतं की मधले चौदा महिने धरलेच नव्हते. सेव्हमध्ये अडकलेले महिने काही अटींवर पैसे भरून मोजणीत आणता येतात, त्याचा वेगळा अर्ज असतो. शाळा बदलली असेल तर जुन्या शाळेचीही सही लागते. कर्ज सांभाळणारी कंपनी मधेच बदलते आणि हप्त्यांचा इतिहास अर्धवट पुढे जातो. पोरगं सगळं फोनवर पाहत असणार, कागद एकही नसेल. आणि तुमच्या यजमानांनी ३० वर्षांपूर्वीची पतसंस्थेची पावतीसुद्धा जपलीय. त्यांच्याकडे फाइलचे रिकामे प्लास्टिकचे कप्पे असतीलच, दोन-चार त्याला द्यायला सांगा.